खाली माणसे आहेत

खाणीत माणसे अडकतात तेव्हा ती जिवंत आहेत की नाहीत, हे वर उभ्या असलेल्या कोणालाच ठाऊक नसते. वाट बुजलेली असते, फोनची तार तुटलेली असते. हवा किती उरली असेल, सगळे एका जागी असतील की पांगलेले, कोणत्या पातळीवर असतील, याचा अंदाज खाणीचा नकाशा आणि त्या पाळीची हजेरी समोर ठेवून बांधावा लागतो. दिवस उलटतात तसा शोध थांबवावा असे सुचवणारे हिशेबी आवाज वाढत जातात. खाणकामगारांचा त्यावर जुना दंडक आहे: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाला मेलेले धरायचे नाही आणि तोवर त्याच्याकडे जाणारी वाट काढत राहायची. हा दंडक भाबडेपणातून आलेला नाही. आज वर असलेला माणूस उद्याच्या पाळीला खाली असतो, आणि आपल्यासाठी कोण येईल याचे उत्तर त्याला आजच हवे असते.

हा दंडक देशांच्या सीमाही मानत नाही, हे 1906 मध्ये दिसले. त्या वर्षी 10 मार्चला उत्तर फ्रान्समधल्या कूरिएरच्या कोळसाखाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि 1,099 माणसे मेली. युरोपच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी खाणदुर्घटना. दोनच दिवसांत जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातून पंचवीसएक बचावकर्ते तिथे येऊन थडकले. विषारी वायूत उतरता येईल अशी श्वसनयंत्रे त्यांच्याजवळ होती आणि ती वापरण्याचा सरावही होता. 1870-71 च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सचा मुलूख तोडून घेतला होता, ती जखम भरलेली नव्हती. मोरोक्कोवरून दोन्ही देश पुन्हा युद्धाच्या तोंडाशी आले होते आणि त्यावर आंतरराष्ट्रीय परिषद चालू होती. अशा वेळी जर्मन खाणकामगार फ्रेंच खाणीच्या धुरात शिरले. पुढे दिग्दर्शक पाब्स्ट यांनी या घटनेवरून 1931 मध्ये ‘कामेराडशाफ्ट’ हा चित्रपट केला.

कूरिएरची दुसरी बाजू मात्र कडू आहे. आता कोणी वाचले नसणार असे धरून व्यवस्थापनाने शोध काही दिवसांतच आवरता घेतला. 30 मार्चला, म्हणजे स्फोटानंतर वीस दिवसांनी, तेरा माणसे अंधारातून चाचपडत स्वतःच्या पायांनी बाहेर आली. मेलेल्या घोड्याचे मांस खाऊन ती जगली होती. आधीच संपावर असलेल्या कामगारांचा संताप त्यांना पाहून किती उसळला असेल, हे वेगळे सांगायला नको. कंपनीचा अंदाज निदान तेरा माणसांपुरता तरी चुकला होता, आणि शोध चालू राहिला असता तर आणखी किती जण सापडले असते, हा प्रश्न कायमचा मागे राहिला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 5 ऑगस्ट 2010 रोजी दुपारी, चिलीतल्या सान होसे खाणीत अशीच वेळ आली. उत्तर चिलीच्या आताकामा वाळवंटात, कोपियापो शहराजवळची ही तांब्या-सोन्याची खाण. एकोणिसाव्या शतकापासून ती खणली जात होती आणि तिच्यातल्या धोक्याची सगळ्यांना कल्पना होती. एका अपघाती मृत्यूनंतर 2007 मध्ये ती बंद झाली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उघडली. शेजारच्या खाणींपेक्षा तिथे पगार जास्त मिळे, कारण तिथे उतरायला लोक कचरत. डोंगराच्या पोटात वळणे घेत खाली जाणारा, ट्रक जाऊ शकेल असा एक उताराचा रस्ता, एवढीच तिची ये-जा. त्या दुपारी सुमारे 45 मजली इमारतीच्या उंचीची एकसंध शिळा सुटली आणि हा रस्ता तोडून खाली बसली. तिच्या खालच्या अंगाला 33 माणसे राहिली: 32 चिलियन आणि कामावर नुकताच लागलेला एक बोलिव्हियन. पृष्ठभागापासून ती सुमारे 700 मीटर खोल होती. वायुवीजनाच्या उभ्या विवरातून चढून यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण नियमाने तिथे असायला हव्या होत्या त्या शिड्या पुढे बसवलेल्याच नव्हत्या.

आसरा म्हणून खोदलेली जागा जेमतेम 50 चौरस मीटरची. तिथल्या कपाटात थोड्या माणसांना दोन-तीन दिवस पुरेल इतकेच खाणे होते. पहिल्याच रात्री काही जणांनी ते कपाट फोडून बिस्किटे खाल्ली. हे सांगितलेच पाहिजे, कारण या तेहेतीस जणांना पुढे जगाने देवत्व बहाल केले आणि त्यात त्यांनी केलेले खरे काम झाकून गेले. भुकेल्या, घाबरलेल्या माणसांचा एक जमाव दोन-तीन दिवसांत शिस्तीने वागणारा गट झाला, ते काम हे.

पाळीप्रमुख लुईस उर्सुआ यांनी आपले पांढरे हेल्मेट, म्हणजे साहेबपणाची खूण, उतरवून ठेवले आणि इथून पुढे कोणी साहेब नाही, कोणी हाताखालचा नाही, असे सांगितले. निर्णय मतदानाने घ्यायचे ठरले. तेहेतीस जणांत बहुमत म्हणजे सोळा अधिक एक, हा हिशेब उर्सुआ पुढेही सांगत असत. दुपारी जेवणाची वेळ झाली की मारिओ सेपुलवेदा प्लॅस्टिकचे तेहेतीस पेले ओळीने मांडत. प्रत्येकात चमचाभर डबाबंद मासा, त्यावर पाणी, आणि सोबत बिस्किट. शेवटचा पेला वाढून होईपर्यंत कोणी तोंड लावायचे नाही, हा नियम. सुरुवातीला असे जेवण रोज एकदा होते; मग ते दोन-दोन दिवसांनी होऊ लागले आणि नंतर अंतर आणखी वाढले. पिण्याला यंत्रांसाठी साठवलेले तेलकट पाणी. उष्णता तीस अंशांच्या वर, हवा दमट. टोपीवरचे दिवे गाड्यांच्या बॅटऱ्यांवर चार्ज करून दिवस आणि रात्र असा फरक राखला जाई. काहींनी गटाने प्रार्थना सुरू केली, एकाने रोजनिशी ठेवली. भांडणेही झाली, पण पेल्यांची ओळ मोडली नाही. माणसांना एकत्र धरून ठेवायला त्या ओळीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही भाषणाचा झाला नसता.

वर काय चालले होते? पहिल्या दोन दिवसांत स्थानिक बचाव पथके दोरांवरून वायुवीजनाच्या विवरात उतरली. 7 ऑगस्टला डोंगर पुन्हा हलला, विवर बुजले आणि त्यांना जीव वाचवून परतावे लागले. खाणमंत्री लॉरेन्स गोलबोर्न यांनी नातेवाइकांसमोर उभे राहून हा मार्ग बंद झाल्याचे सांगितले आणि सांगता सांगता ते रडले. मंत्री होण्यापूर्वी ते एका मोठ्या दुकानसाखळीचे प्रमुख होते; खाणीचा त्यांना अनुभव नव्हता. खरे सांगितल्यामुळे त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

नातेवाईक खाणीच्या फाटकापाशी तंबू ठोकून बसले. त्या वस्तीला ‘कांपामेंतो एस्पेरान्सा’, म्हणजे आशेची छावणी, असे नाव पडले. तिथे सामायिक चूल पेटली, मुलांसाठी शाळा भरू लागली, आणि अडकलेल्यांपैकी एकाच्या बहिणीला सगळे छावणीची महापौर म्हणू लागले. टेकडीवर 33 झेंडे रोवले गेले: बत्तीस चिलीचे, एक बोलिव्हियाचा. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात बोलिव्हियाने आपला सगळा समुद्रकिनारा चिलीच्या हाती गमावला होता आणि 1978 पासून दोन देशांत पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. त्या टेकडीवरचा तेहेतिसावा झेंडा मात्र कोणी वेगळा काढला नाही. छावणीचे सर्वांत मोठे काम दबावाचे होते. बायका, आया, भाऊ-बहिणी तिथून हलत नव्हत्या, तोवर शोध थांबवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. कूरिएरला जे झाले ते इथे होऊ शकले नाही, याचे पुष्कळसे श्रेय या तंबूंकडे जाते.

कंपनी छोटी होती, तिच्याकडे पैसाही नव्हता आणि यंत्रेही. सरकारने कोदेल्को या सरकारी तांबे कंपनीचे अभियंते आंद्रे सुगारेत यांच्याकडे काम सोपवले. ते एल तेनिएन्ते या प्रचंड खाणीतून आले. याच खाणीत 1945 मध्ये धुराने गुदमरून 355 कामगार मेले होते, आणि तेव्हापासून बचावाची तयारी हा तिथल्या कामाचाच भाग झाला होता.

सुगारेत यांच्यापुढचे कोडे असे: सातशे मीटर कठीण खडकातून मनगटाहून थोडे जाड भोक पाडायचे आणि ते एका खोलीएवढ्या पोकळीत नेऊन सोडायचे. ड्रिल दोन टक्के जरी कलले, तरी तळाशी चौदा मीटरची चूक होते. त्यात खाणीचे नकाशे भरवशाचे नव्हते. एकाच वेळी अनेक यंत्रांनी वेगवेगळ्या कोनांतून बोअर मारायला घेतले. बरेच चुकले. एक तर आसऱ्याच्या जवळून खाली निघून गेले. खालच्यांनी त्याचा आवाज जवळ येताना ऐकला आणि लांब जातानाही ऐकला.

22 ऑगस्टच्या पहाटे, सतराव्या दिवशी, 688 मीटरवर एक ड्रिल पोकळीत उतरले. वरच्या चालकाला दांड्यातून ठोके जाणवले. खाली माणसे हातात येईल त्याने ड्रिलवर घाव घालत होती. त्यांनी त्याला लाल रंग फासला आणि चिठ्ठ्या बांधल्या. त्यांतल्या एका चिठ्ठीत लाल अक्षरांत लिहिले होते की आम्ही तेहेतीसही जण आसऱ्यात सुखरूप आहोत. राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा यांनी ती चिठ्ठी कॅमेऱ्यांसमोर धरली. तेहेतिसांपैकी एकही कमी नव्हता.

आता ठिकाण कळले होते, पण भोकातून माणूस येणार नव्हता. पुढचे बावन्न दिवस लागले ते मोठे भोक पाडण्यासाठी. तोवर ‘पालोमा’, म्हणजे कबुतर, असे नाव दिलेल्या लांबट नळ्यांतून खालच्यांना सगळे पुरवले जाई. अन्न मात्र लगेच पोटभर दिले नाही. दीर्घ उपासानंतर एकदम खाल्ल्याने रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून माणूस दगावू शकतो, म्हणून आधी ग्लुकोजचे पाणी, मग हळूहळू जेवण. अमेरिकेच्या ‘नासा’चे एक छोटे पथक वैद्यकीय सल्ल्यासाठी आले. चिलीच्या नौदलाने पाणबुडीत महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या माणसांबद्दलचे आपले ज्ञान दिले. मोठे भोक पाडायला तीन वेगवेगळी यंत्रे एकमेकांशेजारी उभी राहिली, एक अडले तर दुसरे असावे म्हणून. त्यांपैकी यशस्वी ठरलेल्या यंत्राच्या हातोड्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका छोट्या कारखान्याने पुरवल्या. 2002 मध्ये त्याच राज्यात क्वीक्रीक इथे पाण्याने भरलेल्या कोळसाखाणीतून नऊ जणांना बाहेर काढताना हा कारखाना कामी आला होता. यंत्र चालवणारा अमेरिकन ड्रिलर अफगाणिस्तानात विहिरी खणत होता, तिथून त्याला बोलावून घेतले.

या टप्प्याची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भोक रुंद करताना सुटणारा सगळा चुरा खाली खाणीतच पडत होता. तो उपसला नाही तर भोक तळाशी बुजणार. म्हणून अडकलेल्यांनीच पाळ्या लावल्या आणि खाली असलेल्या लोडर यंत्राने शेकडो टन दगड रात्रंदिवस बाजूला केला. स्वतःच्या सुटकेच्या कामाचा मोठा वाटा त्यांनी स्वतः उचलला. वाट पाहणारे आणि वाचवणारे असा सरळ भेद सान होसेत राहिलाच नाही.

माणूस वर आणणाऱ्या पोलादी कुपीची कल्पनाही उसनी होती, आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात कशी गेली हे पाहण्यासारखे आहे. 1955 मध्ये जर्मनीच्या गेल्सेनकिर्खेनमधल्या डालबुश खाणीत तिघे अडकले, तेव्हा 40 सेंटिमीटरहूनही कमी व्यासाची एक लांबट कुपी घाईघाईने बनवून त्यांना वर काढले गेले. तिचीच आवृत्ती 1963 मध्ये लेंगेडे इथे वापरली गेली आणि दोन आठवडे अडकलेले अकरा जण वाचले. भारतात 13 नोव्हेंबर 1989 रोजी पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर कोळसाखाणीत शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीची भिंत फुटली. सहा जण बुडाले, 65 अडकले. ईस्टर्न कोलफील्ड्सचे अभियंते जसवंतसिंग गिल यांनी बोअर मारून तशीच एक कुपी स्थानिक कार्यशाळेत बनवून घेतली. तीत बसून खाली कोणी उतरायचे, हा प्रश्न आल्यावर ते स्वतः उतरले आणि 16 नोव्हेंबरला पहाटेपासून एकेकाला वर पाठवत राहिले. पासष्टही जण वर गेल्यावर ते शेवटी आले. पुढे त्यांना सर्वोत्तम जीवनरक्षा पदक मिळाले. सान होसेची ‘फेनिक्स’ कुपी चिलीच्या नौदलाने बनवली. तीत प्राणवायू, संपर्काची सोय आणि भिंतीवरून सरकणारी चाके होती. कल्पना मात्र डालबुशचीच.

12 ऑक्टोबरच्या रात्री एल तेनिएन्तेचे बचावकर्मी मानुएल गोन्सालेस त्या कुपीतून 622 मीटर खाली गेले. वर यायचा क्रम आधीच ठरला होता: आधी धडधाकट आणि कुशल, म्हणजे कुपी मध्येच अडली तर सावरू शकतील असे, मग आजारी आणि वयस्क, शेवटी पुन्हा दमदार. या क्रमावरून खाली वाद झाला, कारण अनेकांना शेवटी राहायचे होते. शेवटचा मान अर्थातच पाळीप्रमुखाचा. मध्यरात्रीनंतर फ्लोरेन्सिओ आवालोस पहिले वर आले, त्यानंतर चोवीस तासांच्या आत बाकी सगळे. 13 ऑक्टोबरला रात्री दहाच्या सुमारास उर्सुआ बाहेर पडले आणि पाळी संपवून दुसऱ्याच्या हाती देतात तशी त्यांनी आपली पाळी राष्ट्राध्यक्षांच्या हाती सोपवली. तो दिवस एकोणसत्तरावा. तेव्हाही खाली सहा बचावकर्मी होतेच. सर्वांत आधी उतरलेले गोन्सालेस सर्वांत शेवटी वर आले.

या एकजुटीला मर्यादाही होत्या. सान होसे बंद पडली, कंपनीचे दिवाळे निघाले आणि खाणीतल्या इतर तीनशेच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. थकलेल्या पगारासाठी ते मोर्चे काढत होते, पण कॅमेरे तेहेतीस जणांवर रोखलेले होते. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे झोप, काम आणि व्यसन यांच्याशी झगडावे लागले. चिलीच्या संसदीय समितीने मालकांना दोषी ठरवले, तरी 2013 मध्ये सरकारी वकिलांनी कोणावरही आरोप न ठेवता तपास बंद केला. शिड्या न बसवणाऱ्यांना शिक्षा झाली नाही.

भारतातल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की एकजुटीला काय लागते ते अधिक स्पष्ट होते. 12 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर अडकले. तो बोगदा होता, खाण नव्हे. पण सुटका केली ती खाणकामगारांनी. मोठे यंत्र लोखंडी सळ्यांत अडकून तुटले, तेव्हा उरलेले दहा-बारा मीटर ‘रॅट होल’ पद्धतीने, अरुंद पाइपात शिरून हातांनी माती काढणाऱ्या डझनभर मजुरांनी पार केले. 28 नोव्हेंबरला सर्व 41 जण बाहेर आले. अडकलेले कुठे आहेत, हे तिथे सुरुवातीपासून माहीत होते. हवा आणि खाणे देणारा पाइपही शाबूत होता.

मेघालयात 13 डिसेंबर 2018 रोजी क्सान इथे, हरित लवादाने 2014 मध्येच बंदी घातलेल्या अशाच रॅट होल खाणीत नदीचे पाणी शिरून सुमारे पंधरा मजूर अडकले. खाण बेकायदा, त्यामुळे नकाशा नाही आणि हजेरीपटही नाही. खाली नेमके किती जण आहेत हेसुद्धा ठरवता येईना. दमदार पंप पोहोचायला दोन आठवडे लागले. नौदलाचे पाणबुडे आले. कोल इंडियाची माणसे आली. त्याच वर्षी थायलंडच्या गुहेत अडकलेल्या मुलांच्या सुटकेत पाणी उपसण्यासाठी तज्ज्ञ पाठवणारी पुण्याची किर्लोस्कर ब्रदर्सही तिथे आली. मदतीला येणाऱ्यांत कमतरता नव्हती. पण शेजारच्या सोडून दिलेल्या खाणी भूमिगत वाटांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या, एकीचे पाणी उपसले की दुसरीचे येई. मार्च 2019 मध्ये शोध थांबवला गेला. तोवर दोन मृतदेह हाती लागले होते.

संघटित खाणींत बचावासाठी कायमची तरतूद असते. भारतात खाण बचाव नियम 1985 मध्ये लागू झाले. त्यांनुसार ठिकठिकाणी बचाव केंद्रे चालतात, विदर्भातल्या कोळसाखाणींसाठी वेस्टर्न कोलफील्ड्सचे (वेकोलि) केंद्र नागपुरात आहे. तिथे प्रशिक्षण घेणारे बहुतेक जण एरवी नेहमीच्या पाळीत काम करणारे कामगारच असतात. श्वसनयंत्र लावून धुराने भरलेल्या भुयारात ते गटानेच शिरतात, एकटे कधीच नाही. गटातल्या एकाच्या यंत्रात बिघाड झाला किंवा एकाला त्रास होऊ लागला, तर समोर कितीही काम उरलेले असो, सगळा गट त्याला घेऊन परत फिरतो आणि ताजा गट त्याची जागा घेतो.